ओजस-कडं आणि पेटीचा सूर

भजन मंडळाच्या सभागृहात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी चांगल्या चांगल्या बुवांच्या कीर्तनालाही इथल्या सतरंजीचे कोपरे मोकळे राहतात. पण आज पनागरहून कबड्डीचा अख्खा संघ आला होता, सिहोऱ्याहून आईबाप आपापल्या खेळाडू लेकरांना बसमध्ये कोंबून घेऊन आले होते, आणि ज्यांना आत शिरता आलं नाही ते खिडक्यांचे गज धरून उभे होते.

सगळ्यांचे डोळे व्यासपीठावरच्या एका माणसावर खिळलेले होते. भगवा ट्रॅकसूट, गळ्यात रुद्राक्षाची माळ आणि त्या माळेतच अडकवलेली शिट्टी. नाव ओजसनाथ, लोक कोच-महाराज म्हणत. मैदान आणि मठ या दोन्ही ठिकाणच्या भक्तीचा मलिदा एकाच ताटात खायची सोय त्यांनी करून घेतली होती.

व्यासपीठामागच्या भिंतीला पाठ टेकून पनागरचा अक्षत बसला होता. खाली खुर्ची नव्हती. गुडघे काटकोनात वाकवून तो नुसता हवेत बसला होता. महाराजांनी याला मौन-परीक्षा असं नाव दिलं होतं. सभेत खोकायचीही बंदी. महाराज मात्र त्याच्या कानाशी वाकून पुटपुटत होते. पाय कापताहेत ना, मनात शंका आली ना, हाच तुझा शत्रू. थोड्याच वेळात अक्षतच्या मांड्या लटपटल्या आणि कबड्डीत भल्याभल्यांना उचलून आपटणारा तो गडी भिंतीवरून घसरत खाली आला. सभा हळहळली.

मग त्याच्या मनगटात तांब्याचं ओजस-कडं चढलं. महाराजांनी मान वळवली आणि पेटीवर बसलेल्या संपदाला खूण केली.

संपदानं सूर धरला. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून तिनं पेटीचा भाता पहिल्यांदा ओढला होता, आणि आता तिची लेक कॉलेजात होती. शहरात कोणतेही कीर्तनकार येवोत, पेटीला संपदाच लागे. त्या मंडळाची एक जुनी रीत होती: पेटीनं सूर दिल्याशिवाय सभेनं तोंड उघडायचं नाही, आणि पेटी थांबेपर्यंत मिटायचं नाही. त्यामुळे तिची बोटं पट्ट्यांवर पडताच सभा एका गळ्यानं उठली. ‘जय बल, जय मनोबल’ हा महाराजांनी स्वतः जुळवलेला गजर होता. शब्द भिकार असले तरी चाल नामगजराचीच होती. आधी संथ, मग मध्यम, मग टाळ्यांच्या कडकडाटात चढत जाणारी. अक्षत पुन्हा हवेत बसला, आणि बसूनच राहिला. दुप्पट वेळ उलटला तरी पठ्ठ्या हसत होता. महाराज आता पुटपुटत नव्हते. हात उंचावून, “शाबाश शेर, बस थोड़ा और,” म्हणत होते.

“ये मैं नहीं कहता,” गजर थांबल्यावर ते म्हणाले. “फॉरेनचं सायन्स कहता है. स्पोर्ट्स सायकॉलॉजी. मन के अणू आणि तांबे के अणू, दोनों का हैंडशेक होता है. हैंडशेक हुआ कि थकवा गेला.”

अणूंना हात कुठून आले, हे कोणी विचारलं नाही. कड्यांसाठी रांग मात्र दारापर्यंत गेली.

संपदाही मनोभावे हात जोडून होती. कारण त्या रांगेत तिची दुर्वा उभी होती.

दुर्वा पंधराशे मीटर धावायची. पुढच्या रविवारी राज्याच्या संघाची निवड होती, आणि वर्षभर पोरगी त्याच दिवसासाठी झटली होती. पण तिच्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती. डॉक्टरांनी फोटो दाखवून बजावलं होतं: हाड जुळेपर्यंत धावणं बंद, नाहीतर त्या चिरेतून हाडाचा सरळ तुकडा पडेल, आणि मग संघच काय, मैदानही विसरावं लागेल. दुर्वा तेव्हापासून घरात कोणाशी धड बोलत नव्हती.

महाराजांनी तिच्या हातात कडं घातलं, गजर उठवला आणि तिला त्याच दुखऱ्या पायावर उड्या मारायला सांगितल्या. दुर्वानं उड्या मारल्या, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुखत नव्हतं.

“दर्द कहाँ था, बेटी?” महाराजांनी विचारलं. “मन में था. रविवारी धाव.”

घरी येताना ती कमानिया गेटच्या बाजारातल्या गर्दीतूनही तरंगत चालली होती. जिना चढताना मात्र तिनं कठडा धरला, आणि एकेका पायरीवर थांबू लागली.

“दुखून राहिलं का गं?” संपदानं विचारलं.

“नाही. आणि तू शंका घेऊ नको आई. महाराज म्हणाले, घरच्या कोणी शंका घेतली तर कड्याची पॉवर जाते.”

ते वाक्य संपदाला खटकलं. आयुष्यभर तिनं कीर्तनं ऐकली होती. पूर्वरंगात बुवा आधी शंका मांडतात, मग ती सोडवतात. ऐकणाऱ्यानं विचारलं तर त्यांना आनंदच होतो. प्रश्न विचारल्यानं ज्याची शक्ती जाते असा देव तिला तरी अजून कोणी सांगितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरची प्रणोती खाली आली. ती पुण्याहून याच वर्षी बदलून आलेली, शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात शिकवायची. खेळताना माणसाच्या मनात काय चालतं आणि मनाचा खेळावर काय परिणाम होतो, हाच तिचा विषय. आदल्या दिवशी ती गर्दीत मागे उभी होती. चहाचा कप हातात घेऊन तिनं एवढंच विचारलं, “काकू, अक्षत पहिल्यांदा बसला तेव्हा तुम्ही पेटी का नाही वाजवली?”

“त्यांनीच सांगितलं होतं. आधी मौन म्हणून.”

“आणि दुसऱ्यांदा?”

“दुसऱ्यांदा गजर.” बोलता बोलता संपदाचा हात साखरेच्या डब्यावर थबकला.

प्रणोतीनं समजावलं ते असं. दमणूक निम्मी स्नायूंची असते, निम्मी ती आपल्याला किती जाणवते यावर असते. लयीत चढत जाणारं गाणं कानावर असलं, भोवती माणसं टाळ्या वाजवत असली, आता जमणार असं कोणी सांगत असलं, की मन थकव्याकडे कमी बघतं आणि माणूस जास्त टिकतो. यावर जगभर शेकडो प्रयोग झालेत, त्यात चमत्कार काही नाही. उलट शांततेत कोणी कानाशी ‘पाय कापताहेत’ म्हणत राहिलं तर पाय लवकर कापतात. महाराजांनी दोन वेळांत दहा गोष्टी बदलल्या आणि श्रेय एकट्या कड्याला दिलं.

संपदाला आधी रागच आला, आणि तो प्रणोतीवर. “म्हणजे तू म्हणतेस, आमचा गजर खोटा?”

“गजर खरा आहे, काकू. कडं खोटं आहे.”

तेवढ्यानं पटणारी बाई ती नव्हती. तेव्हा प्रणोती तिला पेटीसकट कॉलेजात घेऊन गेली. तिथं मनगटाचे कापडी पट्टे शिवून ठेवलेले होते. काहींच्या आत ओजस-कडं, काहींच्या आत तेवढ्याच वजनाची साधी लोखंडी तार. कोणाच्या हातात काय आहे ते ना बसणाऱ्याला ठाऊक, ना वेळ बघणाऱ्याला. मुलं पट्टे बांधून भिंतीला टेकून बसली. मग पट्टे उसवून पाहिले, तर कडंवाले आणि तारवाले सारख्याच वेळात घसरले होते. मग संपदानं पेटी वाजवली, आणि कडं असो की तार, सगळेच जास्त वेळ टिकले. एक दांडगा पोरगा तर हातात काहीच न बांधता सगळ्यांत शेवटपर्यंत बसला.

संपदानं पेटी मिटली. कोणी पैसे लुबाडले असते तर तिला एवढं लागलं नसतं. हा माणूस तिच्या हातून, तिच्या सुरातून तिच्याच लेकीचं हाड मोडायला निघाला होता.

घरी तिनं दुर्वाला सगळं सांगून पाहिलं. दुर्वानं कानांवर हात ठेवले. “तू शंका घेऊन राहिली, म्हणून सकाळपासून पाय दुखून राहिला,” ती म्हणाली, आणि रडली. तेव्हा संपदाला उमगलं की सांगून हे सुटणार नाही. लेकीनं जे सभेत पाहिलं, ते सभेतच उलटं पाहायला हवं.

शनिवारी निवडीआधीचा शेवटचा कार्यक्रम होता. दुर्वा मनगटात कडं घालून पुढंच बसली होती. मंडळाचे अध्यक्ष रामराव यांनी स्वतः महाराजांना हार घातला. रामराव भले गृहस्थ, पण पाहुणा हिंदीत विज्ञान बोलला की त्यांना तो ऋषीच वाटे. अक्षतला पुन्हा पुढं बोलावलं गेलं. मौन-परीक्षा झाली, तो घसरला, हळहळ झाली. कडं चढलं. तो पुन्हा भिंतीला टेकला. महाराजांनी मान वळवून खूण केली.

संपदानं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

सभा तिच्याकडे बघत थांबली. पेटीचा सूर नाही, तर गजर कोणी उचलायचा? टाळवाल्यानं टाळ अर्धा उचलून पुन्हा खाली ठेवला. त्या शांततेत अक्षतच्या मांड्या थरथरू लागल्या.

“दीदी, सूर,” महाराज हसत म्हणाले. मग न हसता म्हणाले. मग अक्षत कड्यासकट सतरंजीवर बसला, पहिल्यापेक्षाही लवकर.

महाराजांची शिट्टी वाजली. “सभेत कोणाच्या तरी मनात शंका आहे. उसी ने शक्ती काटी.”

“माझ्या मनात आहे,” संपदा म्हणाली.

रामराव धडपडत जवळ आले. “अहो संपदाताई, काहून असं करून राहिल्या? वाजवा ना जी पेटी.”

“वाजवते, रामरावजी. आधी त्याच्या हातातलं कडं काढा. माझी शंका आहे तशीच राहू द्या. बघू, शंका घेऊन पोरगं किती बसतं ते.”

अक्षतनं महाराजांकडे पाहिलं, संपदाकडे पाहिलं, आणि कडं काढून रामरावांच्या हातात दिलं. संपदानं पेटी उघडली. या वेळी तिनं बल-मनोबल नाही, आपला रोजचा नामगजर धरला, लेकरू झोपेतही ओळखेल असा. सभेनं तो असा उचलला की खिडकीतले लोकही टाळ्या वाजवू लागले. दमलेल्या पायांचा अक्षत हवेत बसला, आणि लय मध्यमवरून द्रुतावर गेली तरी बसूनच राहिला. शेवटी तो स्वतःच हसत उठला.

महाराज काही लेचेपेचे नव्हते. “देखा?” ते हात पसरून म्हणाले. “कडे की शक्ती देह में उतर चुकी थी. अब कडे की ज़रूरत भी नहीं.”

“अच्छा,” मागून प्रणोती म्हणाली. “मग जिनं कडं कधी घातलंच नाही, तिला बसवू या.”

दुर्वाबरोबर धावणारी यशश्री उठली. तिच्या घरी असल्या गोष्टींना मनाई होती. ती आधी शांततेत बसली आणि घसरली. मग गजर झाला आणि ती अक्षतसारखीच टिकली. तिच्यात कोणती शक्ती कुठून उतरली, हे सांगायला महाराजांनी तोंड उघडलं. पण पनागरच्या संघातल्या कोणीतरी ओरडून विचारलं, “बाबाजी, हैंडशेक किससे हुआ, पेटी से?” आणि सभागृह असं हसलं की पुढचं काही ऐकूच आलं नाही. रांगा लावून कडी घेतलेली माणसं ती मनगटातून काढून रामरावांपुढे टाकू लागली. रामरावांनी घातलेला हार महाराजांनी जाता जाता स्वतःच उतरवला. माळेत गुंतलेली शिट्टी मात्र त्यांना घाईत सुटता सुटेना.

प्रणोतीनं सभेला लय, थकवा आणि धीर देणारे शब्द यांचं सगळं गणित साध्या शब्दांत सांगितलं. एवढ्या एका खेळावरून काही सिद्ध झालं असं समजू नका, असंही ती म्हणाली. म्हणूनच कॉलेजात झाकून प्रयोग केला. हवं त्यानं येऊन स्वतः करून पाहावा.

दुर्वा जागची हलली नव्हती. सगळे पांगल्यावर ती पेटीजवळ येऊन बसली.

“आई, मग त्या दिवशी उड्या मारताना मला खरंच नव्हतं दुखत. मी खोटं नाही बोलले.”

“माहीत आहे मला.” संपदानं तिचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. नडगीवरची सूज हाताला लागत होती. “गजरात दुखणं ऐकू येत नाही गं बाई. पण चीर बहिरी नसते. ती आतल्या आत वाढतच असते. देवानं दुखणं दिलं ते आपल्याला वेळेवर थांबवायला. ते दाबून टाकणारा कोणीही असो, भगव्यात असो की पांढऱ्या कोटात, त्याला आधी विचारायचं, बाबा रे, हाडाचं काय केलंस?”

दुर्वानं कडं काढलं. मनगटावर त्याचा हिरवट डाग पडला होता. तो तिनं थुंकी लावून पुसला.

रविवारी मैदानात पंधराशे मीटरची शर्यत लागली तेव्हा दुर्वा कठड्यापाशी बसली होती, पाय डॉक्टरांनी दिलेल्या आधारात बांधलेला. शेवटच्या फेरीला यशश्री मागं पडू लागली. दुर्वाचे डोळे भरले होते. तिनं टाळी धरली. आधी संथ, मग मध्यम. शेजारच्यांनी उचलली, मग त्यांच्या शेजारच्यांनी, आणि सगळा कठडा त्या लयीवर वाजू लागला.

मंडळी, गजर करा, पोटभर करा. धावणाऱ्याला धीर द्या, खचलेल्याला हाक मारा. माणसाचा गळा माणसाला बळ देतो, हे आता शास्त्रही सांगतं. पण त्या बळाची पावती तांब्याच्या तुकड्याच्या नावानं फाडणारा कोणी भेटला, तर त्याला एकच करायला सांगा. पेटी बंद ठेव म्हणावं, आणि मग दाखव.