उत्तरेच्या भिंतीतला काटा

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता होहेनराखच्या कॅथेड्रलमध्ये उत्तरेच्या भिंतीशी पंचेचाळीस माणसं रांगेत उभी होती. डिसेंबरातली थंडी होती आणि बोलताना तोंडातून वाफ निघत होती, तरी प्रत्येकाने उजव्या हाताचा मोजा काढून खिशात ठेवला होता. भिंत लाल वालुकाश्माची, सातशे वर्षांची. पूजासाहित्याच्या खोलीच्या दाराशेजारी, छातीच्या उंचीवर, तिच्यातल्या एका चिऱ्यावर तळव्याएवढी खूण कोरलेली होती. एक उभी रेघ, तिला वर तीन फांद्या, त्यातली तिसरी जरा लांब. लोक खुणेवर हात टेकवत, डोळे मिटत, आणि म्हणत, "खरंच की हो! ऊब!"

"जीवनवृक्ष!" दर शुक्रवारी ही रांग जमवणारे झेवेरिन लिश्टब्लाउ महाशय मऊ आवाजात सांगत होते. त्यांचा आवाज नेहमी नुकतं लोणी लावल्यासारखा असे. "पहिली फांदी देह, दुसरी प्राण. तिसरी लांब का? कारण ती विश्वाकडे निघाली आहे. ज्या अनाम महागुरूने ही कोरली, त्याने आधी चाळीस दिवस उपास केला होता. त्याचा हात चुकत नसे, मित्रांनो!"

खांबाआड टोपी हातात धरून उभ्या असलेल्या अल्बान रुकगाबरचे कान लाल झाले. महागुरूने उपास केला नव्हता. त्या दिवशी त्याने दोन सॉसेज खाल्ले होते, आणि तिसऱ्याच्या विचारात त्याची छिन्नी घसरली होती. अल्बानला हे पक्कं ठाऊक होतं, कारण महागुरू तोच होता.

कॅथेड्रलच्या पाथरवटांमध्ये स्वतःची खूण, म्हणजे दगडावरची सही, ही कमवायची गोष्ट. शिकाऊपण संपल्यावर उस्ताद ती देतात. त्याआधी दगडावर रेघही ओढायची नाही. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली शिकाऊ अल्बानला धीर नव्हता. त्याला सतत भूक लागे, म्हणून सगळे त्याला 'काटा' म्हणत, आणि त्याने स्वतःच स्वतःला जेवणाच्या काट्याची खूण बहाल केली. कॅथेड्रल ऊबदार ठेवणारा गरम पाण्याचा नळ न्यायला उत्तरेच्या भिंतीतला एक चिरा पोखरून काढला होता. त्या जागी बसवायचा नवा चिरा जेमतेम चार बोटं जाड. सराव म्हणून त्याच्या दोन्ही बाजू घडवून घेतल्या होत्या. अल्बानने मागच्या बाजूवर काटा कोरला, उस्ताद जेवायला गेले असताना चिरा बसवला, चुना घट्ट होऊ दिला, आणि दोन पावलं मागे येऊन पाहिलं. काटा त्याच्याकडेच पाहत होता.

त्याने खाचांत लाल भुकटी मिसळलेला चुना भरला आणि पुढली पन्नास वर्षं, "रुकगाबरने एकही दगड उलटा बसवला नाही," असं बिअरच्या पेल्यागणिक सांगितलं.

पुढे भिंती धुतल्या आणि तो चुना वाहून गेला. अल्बान तेव्हा निवृत्त होऊन पाहुण्यांना कॅथेड्रल दाखवत असे. "ही खूण कसली?" असं कोणीतरी विचारलं आणि त्याची जीभ अडखळली. "तिचं रहस्य," तो गंभीरपणे म्हणाला, "आजवर कोणालाच उलगडलेलं नाही." त्या घोळक्यात लिश्टब्लाउ होते. त्यांना ते आठवडाभरात उलगडलं.

हा सगळा पोरखेळ अल्बानने आणखी दहा वर्षंही गुपचूप पाहिला असता. पण रांगेत आठव्या नंबरवर त्याची थोरली बहीण नोटबुर्गा होती. तिच्या बुटांच्या नाड्या सुटलेल्या होत्या, कारण पाय सुजून बुटांत मावत नव्हते.

"गोळ्या घेतेस ना?" त्याने जवळ जाऊन विचारलं.

"पाणी उतरवणाऱ्या? तीन आठवडे झाले, बंद केल्यात." दर चार शब्दांनंतर ती श्वास घेत होती. "डॉक्टर नुसतं, चष्म्यावरून बघतात. इथे बरं वाटतं."

"अगं, मागे गरम पाण्याचा नळ आहे!"

"मग शेजारचा दगड गार का?" लिश्टब्लाउ हसून म्हणाले. त्यांचे कान तीक्ष्ण होते. "नळ काय एकट्या या चिऱ्याला ओळखतो?"

लोक हसले. शेजारचे चिरे हातभर जाड आहेत आणि हा चार बोटं, हे उत्तर अल्बानच्या ओठांवर आलं. पण पाठोपाठ, 'तुला कसं ठाऊक?' हा प्रश्न आला असता. त्याने उत्तर गिळलं. स्वतःच्या बहिणीचे पाय आणि स्वतःची बढाई एका तराजूत घालून तो मोजत उभा राहिला. हे लक्षात आलं तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटली. पण तोंड उघडावं इतकी नाही.

त्याने पळवाट काढली. कॅथेड्रलचा राखणदार ओयस्टाख हा त्याचा पत्त्यांच्या डावातला भिडू. पुढल्या गुरुवारी संध्याकाळी त्याने ओयस्टाखकडून नळाची चावी बंद करून घेतली.

"बिशपसाहेब गारठले तर तुझं नाव सांगेन," ओयस्टाख म्हणाला.

"सांग. लोकांना दगड गार लागला की संपलं सगळं."

शुक्रवारी अकरा वाजता लोकांनी दगडाला हात लावला. "ऊब!" पहिली बाई म्हणाली. दुसऱ्या गृहस्थांना तर चटका बसला. नोटबुर्गाने डोळे मिटले. "आज जरा जास्तच आहे," ती म्हणाली.

अल्बानने घाईने खिशातून तापमापक काढून चिऱ्यावर धरला, मग शेजारच्या चिऱ्यावर. दोन्हीकडे सात अंश. त्याने तो सर्वांना दाखवला.

"प्रेम मोजता येतं का तापमापकाने?" लिश्टब्लाउंनी विचारलं. रांगेतून टाळ्या पडल्या.

अल्बान तापमापकाकडे पाहत राहिला. नळ चालू असताना दगड खरोखर कोमट असे. नळ बंद केला तरी रांग ऊबदारच राहिली. ऊब आता दगडात नव्हतीच, ती सांगणाऱ्याच्या आवाजात होती. आणि तो आवाज पहिल्यांदा कोणी लावला? 'रहस्य' कोण म्हणालं होतं? नोटबुर्गा मागे वळली, तोल जाऊन तिने बाकाचा आधार घेतला, आणि श्वासासाठी तिचं तोंड उघडंच राहिलं.

"तो जीवनवृक्ष नाही," अल्बान मोठ्याने म्हणाला. "तो जेवणाचा काटा आहे. मी कोरलाय. शिकाऊ होतो, खुणेचा हक्क नव्हता. चिरा उलटा बसवला. आतली बाजू बाहेर!"

मग ओयस्टाख दाराजवळून ओरडला, "एकही दगड उलटा बसवला नाही म्हणे! किती बिअर पाजल्या रे मी त्या वाक्यावर!"

"गरीब बिचारे," लिश्टब्लाउ हळहळले. "वय झालं की माणसाला असे भास होतात. पुरावा?"

"तिसरा दाता लांब आहे. माझी छिन्नी तिथे नेहमी घसरायची. आईला दगड करून दिला होता, त्यावरही हाच काटा कोरताना तशीच घसरली." तो बहिणीकडे वळला. "कोबी आंबवायच्या बरणीत, वर दाबायला ठेवतेस तो."

नोटबुर्गा भिंतीपाशी गेली. मान एवढी वाकडी करून पाहू लागली की शेजारच्या बाईने तिला धरलं.

"झाडू!" ती म्हणाली. "आईचा झाडूवाला दगड! मी तो नेहमी याच्या उलट बघते." तिने लांब दात्यावरून बोट फिरवलं. "पन्नास वर्षं मी हे कोबीवर ठेवतेय, लिश्टब्लाउ महाशय. दर हिवाळ्यात कोबी आंबटच होतो. अजून एकदाही विश्वाकडे गेला नाही."

आधी ओयस्टाख हसला, मग रांग. लिश्टब्लाउ, "तयारी नसलेल्यांना काय सांगणार," असं काहीसं पुटपुटत मफलर सावरून निघाले. चटका बसलेले गृहस्थ सर्वांत मोठ्याने हसत होते. त्यांनी हातमोजा मात्र गुपचूप चढवला.

दुपारी अल्बान बहिणीला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं, गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर काय झालं असतं ते न सजवता सांगितलं. दहा दिवसांनी तिच्या बुटांच्या नाड्या बांधल्या जाऊ लागल्या.

चिऱ्याशेजारी आता एक छोटी पाटी आहे. ती अल्बानने स्वतः लिहिली: 'ही खूण शिकाऊ अ. रुकगाबर याची, १९७४. चिरा उलटा आहे. ऊब लागली तर मागे नळ आहे. नळ बंद असताना ऊब लागली तर ती तुमच्या मनाची आहे. तिने सूज उतरत नाही. "रहस्य आहे" असं कोणी सांगितलं, तर दगड कोणी आणि कधी बसवला ते आधी विचारा. आजार असेल तर डॉक्टरांकडे जा.'

नोटबुर्गाने पाटी सावकाश वाचली.

"चांगली आहे," ती म्हणाली. "सरळ लावलीस ना?"