पत्ता: चौबे कॉलोनी

सोमारी सिकलसेलनं कण्हणाऱ्या पोरीले घेऊन सकाळपासून रायपूरच्या दवाखान्यात बसली होती. तिचे गोंदलेले हात अन् फॉर्मवरचं जंगलातलं गाव पाहिलं की खिडकीतला बाबू म्हणे, "बाद में आना." मागून आलेले आत जाऊन राहिले होते.

शुगर तपासाले आलेल्या जयंतनं तिचा फॉर्म नव्यानं भरला. नाव तेच, पत्ता मात्र स्वतःचा, शहरातल्या बड्या लोकांची चौबे कॉलोनी. पाच मिनिटांत पुकारा!

सोमारीले पाहून बाबू चपापला. "ये किसके यहाँ रहती है?"

"माझ्या घरी. दीदी आहे माझी. काहून, चेहरा जुळत नाही?"

"हव, भाई आय," म्हणत सोमारी पोरीले घेऊन आत शिरली.

जयंतनं आणखी कोरे फॉर्म उचलले अन् बाकावर सोमारीसारखेच सकाळपासून ताटकळलेल्या गावकऱ्यांकडं वळला. "चला, अजून कोण कोण माझ्या घरचं आहे?"