आल्यावर काढतो

"अरे, जायच्या आधी माझी नखं तेवढी काढून दे," आई आतल्या खोलीतून म्हणाली.

व्यवस्थापक बॅग भरत होता. बुटांच्या मोठ्या दुकानाचा व्यवस्थापक. पूर्वी तो गुडघ्यावर बसून गिऱ्हाइकांना बूट चढवायचा. बढती मिळाल्यापासून गुडघे फक्त प्रार्थनेला टेकायचे.

"आल्यावर काढतो, आई. पहाटेचं विमान आहे."

"अहो, कितीसा वेळ लागतो?" बायको म्हणाली. "मला हात लावू देत नाहीत. पायांतलं त्यालाच कळतं, म्हणतात."

"आल्यावर म्हटलं ना!"

चर्चची तुकडी परदेशी सेवेला निघाली होती. तिथल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचे पाय धुवायचे, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. सगळ्यांना एका रंगाचे शर्ट, पाठीवर 'सेवा' असं छापलेलं. कोण कोणाची सेवा करतंय याचा घोळ नको!

व्यवस्थापकाची अडचण वेगळी होती. त्याला हल्ली कशानेच भरून येत नसे. गाण्याने नाही, उपदेशाने नाही. वडिलांच्या दफनालाही तो घड्याळ बघत उभा होता. "तिथे जा, आतून हलून जाल," चर्चच्या पाळकसाहेबांनी खात्री दिली होती.

वृद्धाश्रमाच्या दालनात खुर्च्यांची रांग होती. व्यवस्थापकाच्या वाट्याला आलेल्या आजीबाईंनी कॅमेरा दिसताच सवयीने पाय पुढे केले. पाय लख्ख होते. त्याने ते पाण्यात बुडवले आणि हलण्याची वाट पाहिली. शेजारी एक बाई हुंदके देत होती. याला काहीच होईना.

आजीबाई काहीतरी बोलल्या. परिचारिकेने भाषांतर केलं, "पाणी बरं आहे म्हणतात. मागच्या पाहुण्यांचं फार गार होतं."

त्याची नजर धंद्याची. नखं सरळ, बेताची कापलेली. "नखं कोण काढतं यांची?"

"मुलगा. दर रविवारी येतो. पाय धुवायचं त्याने सोडलं, ते तुम्ही लोक करताच."

आजीबाईंनी परिचारिकेमार्फत विचारलं, "तुला आई आहे?"

"आहे."

"तिची कोण काढतं?"

"ती... स्वतःच काढत असेल."

"वाकता येतं तिला?"

व्यवस्थापक टॉवेलने पाय पुसू लागला. गावातल्या निम्म्या लोकांच्या बुटांचं माप त्याला पाठ होतं. आईला वाकता येतं की नाही, हे त्याला माहीतच नव्हतं!

"येत जा रे बाबा," आजीबाई म्हणाल्या. "आम्हालाही माणसं हवीत. पण घरचं आटपून ये. तिथे रोज जे करतोस, त्यातलंच थोडं इथे आण. इथे करायचं म्हणून तिथलं ठेवून देऊ नकोस."

संध्याकाळी साक्ष द्यायची होती, म्हणजे मनाला काय जाणवलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. सगळे रडत बोलले. व्यवस्थापकाची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "पाणी कोमट होतं," आणि खाली बसला. ती साक्ष फार खोल आहे असं ठरलं.

घरी आल्यावर बॅग दारातच टाकून त्याने पाणी तापवलं. आईच्या अंगठ्याचं नख मांसात रुतलं होतं. बोट सुजून लाल झालं होतं.

"हे केव्हापासून?"

"झाले काही महिने. बूट चढत नाही म्हणून तर चर्चला येणं सोडलं. तुला वाटलं, मी आळस करते."

तसंच वाटलं होतं. चारचौघांत त्याने तसं सांगितलंही होतं.

तो जमिनीवर बसला. आईने केस चाचपले. "फोटो काढणार असशील तर थांब, जरा विंचरते."

"फोटो नाही, आई."

"मग बरंय. दुखवू नकोस."

त्याने हलक्या हाताने कापायला सुरुवात केली. रुतलेल्या भागाला उद्या डॉक्टर लागणार होता. डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. आत सगळं होतं तसंच, बधिर. पण नखं निघत होती.

तर मंडळी, परदेशी जरूर जा. तिथेही पाय आहेत. फक्त आधी आतल्या खोलीत डोकावा. आणि भरून येईल तेव्हा सेवा करू, असं म्हणत बसू नका. भरून आलं नाही म्हणून आईचं काही अडत नाही. नखं वाढतात, त्याने अडतं.

"दुसरा पाय," व्यवस्थापक म्हणाला.