शिणाण्यांची पंगत

आमच्याकडे शिंपले खाल्ले जातात, पाळले जात नाहीत. तरी गार्गीने, आमच्या लेकीने, मरोळच्या फ्लॅटच्या बाल्कनीत समुद्राच्या पाण्याच्या दोन बादल्या आणून ठेवल्या. दोन्हींत शिणाणे, म्हणजे खडकाला चिकटणारे हिरवट काळे शिंपले. कॉलेजची लॅब दुरुस्तीला निघाली होती आणि लेक तीन आठवडे रत्नागिरीला. बळीचे बकरे आम्ही दोघं.

"बाबा, प्रश्न साधा आहे," ती म्हणाली. "खाडीच्या पाण्यात खाणं भरपूर, तरी तिथे शिणाणे नाहीत. बाहेरच्या खडकांवर मात्र पाय ठेवायला जागा नाही. का?"

"का?"

"मला वाटतं, चिखलामुळे. घासागणिक माती निवडून बाहेर टाकायची. खाण्यातून मिळते त्याहून जास्त ताकद निवडण्यातच खर्च होते."

"किलोभर तांदळात पाऊण किलो खडे," नीला म्हणाली. माझ्या बायकोला सगळं माझ्याआधी कळतं.

काम सोपं होतं. रोज दोन्ही बादल्यांत बारीक शेवाळाचं हिरवं पाणी सारखंच घालायचं, आणि एका बादलीत वर वाटीभर खाडीची माती कालवायची. हे जमलं तर तिच्या संशोधनाचा विषय पुढे जाणार, नाहीतर तिचे सर विषयच बदलायला लावणार होते. नीला म्हणाली, "मी बघते." मी सुटलो. त्या दिवसांत मोरी दोनदा तुंबली आणि मी दोनदा प्लंबर बोलावला, एवढंच काय ते माझं योगदान.

गार्गी आली, वजनं केली आणि मटकन खालीच बसली. दोन्ही बादल्यांतले शिणाणे सारखेच गुटगुटीत.

"वाट लागली, बाबा. मातीने काही फरकच पडत नाही. वर्षभर मी चुकीचंच धरून बसले."

सरांना तसं कळवायला तिने लॅपटॉप उघडला. तिला रडू आवरेना आणि मला ते बघवेना.

"मेल पाठवू नकोस," नीला म्हणाली. "माती मी मोरीत ओतली."

"काय? का पण?"

"एकाच पंगतीत एकाला जेवण आणि दुसऱ्याला माती? असला पंक्तिप्रपंच माझ्या हातून नाही व्हायचा."

"यार आई, शिंपले आहेत ते!"

"मग? त्यांना भूक नसते?"

गार्गी चिडली, हसली, पुन्हा चिडली. सरांकडून महिन्याची मुदत मिळाली. या खेपेलाही माती घालायचं काम नीलाने हट्टाने स्वतःकडेच ठेवलं. "घोळ मी घातला, मीच निस्तरते." एक दिवस चुकली नाही. वर स्टुलावर बसून बघत राहायची. "अहो, या इकडे! हा बघा, माती कशी गोळा करून बाहेर टाकतोय!" मीही वाकून बघायचो. इवल्याशा बुळबुळीत गोळ्या तळाशी साचत जायच्या. दुपारी मात्र ती दोन घास कमीच जेवायची, हे मला दिसत होतं.

शेवटी वजनं झाली. मातीतले शिणाणे खंगले होते. गार्गी बाल्कनीतच नाचायला लागली. "माझं बरोबर निघालं, आई!"

नीलाने तिला जवळ घेतलं, शाबास म्हणाली आणि लगेच हात पुढे केला. "दे ती हिरव्या पाण्याची बाटली. आता त्यांना पोटभर जेवू दे."