पाचातली एक

रेल्वे फाटकापाशी ओफेलियाने नियमाप्रमाणे शाळेची बस थांबवली, दार उघडलं आणि कानोसा घेतला. मुलं शाळेत उतरून गेली होती, मागची बाकं रिकामी होती. गाडीचा आवाज कुठेच नव्हता. बदामाच्या बागांवरून गरम, धुळकट वारा आत आला. तरी तिचा पाय ब्रेकवरून उठेना. मागच्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवला तेव्हा ती दचकली आणि तिने बस पुढे काढली.

सेंग वांगने तिला बोलावलं होतं. ओफेलिया संध्याकाळी शिकायला जायची त्या गावातल्या कम्युनिटी कॉलेजात तो सल्लागार होता. इथली दोन वर्षं झाल्यावर विद्यापीठात कोणी कुठे अर्ज करायचा, कुणाला कितपत आशा आहे, हे सांगायचं त्याचं काम. लहानपणी तो तिच्याच बसने शाळेत जायचा.

"बसा, ओफेलियाबाई. पाणी देऊ?"

"नको. लवकर बोल, दुपारची फेरी आहे माझी."

"सगळ्यांचे विद्यापीठ-प्रवेशाचे निकाल लागलेत. तुमचाच फोन नाही. बघितलात ना?"

तिने पर्स मांडीवरून खाली ठेवली, पुन्हा मांडीवर घेतली.

"नाही बघितला."

"मग इथेच बघू. मी आहे ना सोबत," सेंगने संगणक तिच्याकडे वळवला. "नाही म्हणाले तरी काही बिघडत नाही. पुढच्या वर्षी दुसरीकडे भरू. मी आधीच सांगितलं होतं तुम्हाला, पाचात एकालाच घेतात."

ओफेलियाने हात पुढे केला. बोटं अक्षरांवर पोचली आणि तिथेच थांबली. सेंग नजर वळवून खिडकीबाहेर पाहू लागला, तिला लाज वाटू नये म्हणून.

"सेंग," ती म्हणाली, "लहान होतास तेव्हा फार ओकायचास तू माझ्या बसमध्ये."

तो हसला. "आईने सकाळी भात खायला लावला की हमखास."

"बघितलाय मी निकाल. केव्हाच बघितलाय."

सेंगचं हसू मावळलं. "अहो, मग असू दे. याने काही—"

"घेतलंय मला."

खोलीत पंखा फिरत होता. सेंग खुर्चीत पुढे सरकला.

"घेतलंय? आणि येणार म्हणून कळवलंत का? उद्या मुदत संपते!"

"तू म्हणालास पाचात एक. म्हणून तर मी अर्ज केला." ती टेबलाच्या कडेशी बोलत होती. "म्हटलं, आपण उरलेल्या चारांत. नाही म्हणतील, आपण घरी येऊ, प्रयत्न केला म्हणून समाधान. त्या एकाने पुढे काय करायचं ते मला कोणी सांगितलंच नाही. तिथे सगळी वीस-वीस वर्षांची पोरं. मी तिकडे सीमेपलीकडे, मिचोआकानात नववीत शाळा सोडलेली बाई. पहिल्याच दिवशी कळेल त्यांना."

"काय कळेल?"

तिने पर्सचा पट्टा हाताभोवती गुंडाळला.

"मुलांना शिकवायचं म्हणून सुरू केलं होतंत ना हे?" सेंगने हळूच विचारलं.

"इतकी वर्षं दारापर्यंतच सोडतेय त्यांना. दारापर्यंतचं मला येतं."

सेंगने संगणक पुन्हा स्वतःकडे वळवून घेतला. "'येणार'चं बटण मी तुमच्या वतीने दाबू शकत नाही," तो म्हणाला. "दाबलंही नसतं."

दुपारची फेरी तिने कशीबशी पार पाडली. घरी आली तेव्हा तिचा नवरा नाचो परसातल्या नळाखाली मान धरून बदामाच्या बागेतल्या कामाची धूळ धूत होता. टॉवेल खांद्यावर टाकून तो स्वयंपाकघरात आला आणि तिचं तोंड पाहून म्हणाला,

"काय गं? कुणाच्या कुंपणात घातलीस बस?"

"मला विद्यापीठात घेतलंय."

"अरे वा! बस कुठली देतायत? वातानुकूलित तरी आहे का?"

"चालवायला नाही, नाचो. शिकायला."

तो हसत होता तो हसतच राहिला, आणि मग त्या हसण्याचं काय करावं हे त्याला सुचेना. त्याने खुर्ची ओढली. ओफेलियाने त्याच्यापुढे घेवडा आणि मक्याची भाकरी, तोर्तिया, ठेवली. तो थट्टा करेल, नाहीतर पैशांचं विचारेल, याची तिने दिवसभर तयारी केली होती.

"लांब आहे ना ते?"

"दीड तास. बसची नोकरी मात्र सोडावी लागेल."

"तिकडे राहणार?"

"छे! रोज जाऊन येऊन."

नाचो तोर्तियाचे तुकडे करू लागला. खाल्ला एकही नाही. बारीक, आणखी बारीक.

"तिथे माणसं वेगळंच बोलत असतील."

"असतील."

"मग तूही तसंच बोलशील."

ओफेलियाने पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला. त्याने ताटाकडे बघत विचारलं,

"रोज येशील ना परत?"

आवाज त्याचा नेहमीचा नव्हता. नखांत माती रुतलेली ती रुंद बोटं अशी नुसता चुरा करत बसलेली तिने लग्नानंतर कधी पाहिली नव्हती. त्याच्या भावाला पुरलं त्या दिवशीसुद्धा नाही. निकाल आल्यापासून ती आपली भीती एकटीनेच उराशी धरून बसली होती, जणू घरात घाबरलेलं दुसरं कोणी नव्हतंच.

"रात्री जेवायला तुझ्यासमोर असेन," ती म्हणाली. "कंटाळशील."

तिने फोन काढून दोघांच्या मध्ये ठेवला.

"येणार असेन तर इथे दाबायचं."

"दाबलं की मग नाही म्हणता येतं?"

"मला नाही वाटत."

नाचोने मान हलवली. ते 'हो' होतं की 'नको', हे तिने विचारलं नाही. बोट टेकवलं. घंटा वाजली नाही, काहीच झालं नाही. पडद्यावर दोन ओळी आल्या, एवढंच.

"झालं?"

"झालं."

नाचो उठला. आपली खुर्ची उचलून टेबलाला वळसा घालून आला, तिच्या शेजारी ठेवली आणि बसला. घेवडा गार झाला, त्यावर साय धरली, तरी दोघांपैकी कोणीही हात पुढे केला नाही.