डॅरन आला की प्रिंटर बंद

डॅरन ट्वीडल मला पहिल्या नजरेत आवडला नाही, आणि दुसऱ्या नजरेत तर मुळीच नाही. शर्टाच्या खिशावर स्वतःच्याच कंपनीचं नाव भरतकाम करून घेतलेला इसम! बेरिल मावशीच्या टेबलावर लॅपटॉप पसरून, तिनेच भाजलेले स्कोन, म्हणजे लोणी-जॅम लावून खायचे छोटे पाव, चापत तो मला म्हणाला, "तूच ना ती कॅनबेराची? फुकटचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांतली? अगं, फुकटात मिळालेलं हे असंच चालायचं."

"स्कोनही फुकटच आहेत," मी म्हटलं. "चालले ना?"

तो हसला. अशा माणसांना टोमणा लागतच नाही, कातडीच तशी.

गनबार गावच्या शेतकी प्रदर्शनाची मावशी सेक्रेटरी. ऑफिसात चार संगणक, एक प्रिंटर आणि त्या सगळ्यांना जोडणारा एक जुना सर्व्हर. त्यावर आमचं सॉफ्टवेअर मीच घालून दिलं होतं. वर्षभर कुरकुर नव्हती. आणि ऐन प्रदर्शनाच्या तोंडावर प्रिंटर गायब व्हायला लागला. म्हणजे जागेवर असायचा हो, पण संगणकांना सापडायचा नाही. त्याच सुमारास डॅरन आपली यंत्रणा खपवायला ऑफिसात येऊ लागला होता; अध्यक्ष नेव्हिलने त्यालाच बघायला सांगितलं. डॅरनने तीनदा येऊन पाहिलं, तिन्ही वेळा मान हलवली आणि समितीला सांगितलं, सर्व्हर फेकून द्या, माझी यंत्रणा घ्या. त्या यंत्रणेबरोबर चालवायला त्याचा माणूस येणार होता, म्हणजे मावशीला नारळ. आज दुपारी समिती हात वर करून ठरवणार होती. सबंध आयुष्य त्या ऑफिसात घातलेली बाई, घरी जाऊन काय भिंती बघणार?

त्यात आज केकच्या स्पर्धेचा दिवस. केकच्या चिठ्ठ्या छापल्याशिवाय परीक्षक सुरीला हात लावत नाहीत, हा गनबारचा नियम. चिठ्ठीवर नाव नाही, फक्त क्रमांक. आणि हाताने लिहिलेली तर अजिबात चालत नाही, कारण इथे सगळे एकमेकांचं अक्षर ओळखतात. एका वर्षी परीक्षकाने अक्षर ओळखून मेहुणीला पहिलं बक्षीस दिलं होतं, तेव्हा हाणामारी व्हायची बाकी राहिली होती. तर बाहेर मंडपात केक वाळत होते, बाया चिडल्या होत्या, आणि आत प्रिंटर मिळत नव्हता.

"हा यायच्या आधी चालू होता गं," मावशी मला म्हणाली. "मी समितीलाही सांगितलं. डॅरन आला की बंद पडतो, गेला की चालतो."

नेव्हिल दारातच उभा होता. "झालं सुरू! बेरिल, प्रिंटर काय डॅरनला घाबरतो?"

मागचे समितीवाले खो खो हसले. माझं मात्र डोकं सणकलं, कारण मावशी बोलली ते अगदी शक्य होतं, आणि मी ओळखायला हवं होतं.

हे संगणक एकमेकांना नावाने शोधतात. कोण कुठे आहे हे सांगायला ते आपल्यातून एक मुखिया निवडतात. कसा? तर जो सगळ्यांत मोठ्याने ओरडेल तो. त्याला काही ठाऊक आहे का, हे कुणीच विचारत नाही. आमच्या सॉफ्टवेअरवाल्या शहाण्यांनीही तसंच ठेवलंय, तो आमचा करंटेपणा.

"डॅरन, तुझा लॅपटॉप असाच सगळीकडे जोडतोस?" मी विचारलं.

"अर्थात! आणि कुठल्याही ऑफिसात जोडला की सगळ्यांत वर दिसतो. तशीच सेटिंग केलीय मी." छाती फुगवून बोलला. "गिऱ्हाइकाला आधी आमचंच नाव दिसलं पाहिजे."

म्हणजे या बाबाने आत येऊन वायर जोडली की याचा लॅपटॉप बोंब ठोकणार, मीच मुखिया. बाकीचे संगणक बिचारे त्याला विचारणार, प्रिंटर कुठाय? आणि तो या गावात उपरा, त्याला काय कप्पाळ माहीत! सर्व्हर कोपऱ्यात बसून सगळं जाणत होता, पण त्याला विचारतो कोण? उथळ पाण्याला खळखळाट फार.

मी उठले आणि त्याच्या लॅपटॉपची वायर उपटली.

"ए! काय करतेस?"

"चहा पी. थोडा वेळ लागतो संगणकांना शुद्धीवर यायला."

त्याने चहा प्यायला नाही. सगळे प्रिंटरकडे बघत उभे राहिले. मग तो खरखरला आणि चिठ्ठ्या बाहेर यायला लागल्या. मी वायर परत जोडली. थोड्या वेळाने प्रिंटर पुन्हा बेपत्ता. काढली, पुन्हा हजर. तिसऱ्यांदा डॅरनने स्वतःच लॅपटॉप मिटून काखेत मारला. "हे... म्हणजे तुमच्या नेटवर्कचाच दोष आहे," असं काहीतरी पुटपुटत तो गाडीकडे निघाला. नाचता येईना अंगण वाकडं!

नेव्हिलने घसा साफ केला. "बरं झालं बुवा. मग मतदान कशाला? बेरिलच राहील सेक्रेटरी. काय रे?"

"हो हो," सगळे म्हणाले. मघाशी हसणारी तीच तोंडं.

मला वाटलं मावशी आता रडेल, किंवा मला मिठी मारेल. ती शांतपणे चिठ्ठ्या कापत बसली. शेवटची कापून झाल्यावर तिने ऑफिसच्या किल्ल्या काढल्या आणि नेव्हिलपुढे ठेवल्या.

"मला विचारलंय कुणी, राहणार का म्हणून?"

"अगं पण बेरिल, झालं ना सगळं नीट..."

"यंत्रं मोठ्या आवाजाला फसली, नेव्हिल. ती यंत्रं आहेत. तुम्ही मला जन्मापासून ओळखता."

नेव्हिल किल्ल्यांकडे बघत राहिला.

दारात थांबून तिने चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. "मंडपात नेऊन दे गं. सेक्रेटरीला स्पर्धेत केक ठेवता येत नाही, म्हणून इतकी वर्षं नुसती वास घेत फिरले. पुढच्या वर्षी माझा फ्रूटकेक असेल टेबलावर. चिठ्ठी कोण छापणार, ते यांचं यांनी बघावं."