पाच अंगठे

मंगळवारी सकाळी साडेआठला रहिवासी संघाचे सेक्रेटरी पाचव्या मजल्यावर मास्क घ्यायला आले. लिफ्टने आले. दारापासून चार पावलं लांब उभं राहून त्यांनी हाक मारली, "मास्टर, झाले का तयार?"

मास्टर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. चाळीस वर्षं त्यांनी कपडे शिवले. नजर अधू झाली तसं दुकान सोडलं, मशीन तेवढी घरी आणली. साथ आली, मास्क मिळेनासे झाले, तेव्हा घरातल्या जुन्या चादरी फाडून त्यांनी इमारतीसाठी मास्क शिवायला घेतले. तीन पदरी, चार नाड्यांचे. दोन महिन्यांत तीनशेच्या वर झाले होते. कोणी मागितले नव्हते, पण कोणी नकोही म्हटलं नव्हतं. फुकट ते पौष्टिक, हे आपल्याकडे सगळ्यांनाच पटतं.

मास्टरांनी पिशवी दाराच्या कडीला अडकवली आणि आत सरकले. सेक्रेटरींनी पिशवीवर फवारा मारला, मनात दहा आकडे मोजले आणि दोन बोटांनी ती उचलली. त्यांच्या तोंडावर मास्टरांचाच मास्क होता, निळ्या चौकड्यांचा.

"नाड्या जरा लांब ठेवा हो पुढच्या वेळी," ते म्हणाले. "पहिल्या मजल्यावरून तक्रार आहे."

"ठेवतो की," मास्टर आतून म्हणाले.

खोटं कशाला बोला, सुरुवातीला संघाने कामही केलं. म्हाताऱ्यांची औषधं आणली, भाजीची गाडी फाटकापर्यंत बोलावली, जिने धुऊन घेतले. पण माणसाच्या हातात नियम करण्याची मुभा आली की त्याला थांबावं कुठे ते कळत नाही, आणि आमच्या सेक्रेटरींना तर ठरावाची जन्मजात आवड. कचेरीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांची कचेरी काही सुटली नव्हती. इमारतीतले लोक त्यांना पाठीमागे ठरावसाहेब म्हणत.

ठराव एक: लिफ्ट सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. बाकी वेळ मुख्य बटणाला कुलूप, चावी सेक्रेटरींकडे. ठराव दोन: अवेळी लिफ्ट हवी असेल तर ग्रुपवर लिहावं, समितीतल्या पाच जणांनी संमतीचा अंगठा दाखवला की लिफ्ट चालू होईल. ठराव तीन: धोक्याच्या घरांना पाच अंगठ्यांशिवाय लिफ्ट कोणत्याही वेळी बंद. खाली फलकावर 'धोक्याची घरं' अशी यादी लागली. यादीत घर एकच होतं, पाचवा मजला, मास्टरांचं. कारण मास्टरांची सून रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होती आणि रोज दोनदोनशे माणसांच्या घशातले नमुने घेत होती. तिचा नवरा परगावी कामावर अडकला होता. घरात ही दोघंच.

मास्टरांचं हृदय जुनं झालेलं. डॉक्टरांनी जिना बंद केलेला, संघाने लिफ्ट बंद केलेली. दोन महिन्यांत त्यांचा पाय जमिनीला लागला नव्हता.

"बाबा, ज्यांनी आपल्याला वाळीत टाकलं त्यांच्यासाठी कशाला डोळे फोडून घेता?" सून एकदा चिडून म्हणाली होती.

"वाळीत कसलं गं? शिस्त आहे ती," मास्टर सुईत दोरा ओवत म्हणाले. "आणि वेळ आली तर देतात की लिफ्ट. पाच अंगठेच तर हवेत. एवढ्या वर्षांचे शेजारी आहेत, आपल्याला काय नाही म्हणणार?"

त्यांचा खरंच विश्वास होता. याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

त्याच मंगळवारी सकाळपाळी करून सून दोनला घरी आली. जिना चढून, न्हाऊन, जेवून उठली आणि तिच्या लक्षात आलं की मशीन बंद आहे. ती बाहेर आली. मास्टर मशीनवरच बसले होते. डावा हात छातीवर, सदरा घामाने चिंब. सुईखाली एक मास्क अर्धा शिवलेला होता.

"काही नाही गं, कळ आली जरा," ते म्हणाले.

तिला कळायचं ते कळलं. जिभेखाली गोळी ठेवून तिने रुग्णवाहिका बोलावली. गाडी नशिबाने जवळच होती, दहा मिनिटांत फाटकाशी लागली. ड्रायव्हरचा फोन आला, "ताई, मी एकटाच आहे, जोडीदार आजारी पडलाय. गाडी सोडून वर यायची परवानगी नाही. पेशंटला खाली आणा, पाच मिनिटांत रुग्णालयात पोचवतो."

तिने सेक्रेटरींना फोन लावला. "काका, लिफ्ट चालू करा. बाबांच्या छातीत दुखतंय, गाडी खाली उभी आहे."

"अरेरे! ग्रुपवर टाक पटकन. पाच अंगठे आले की मी उघडतोच. हा बघ, खालीच निघालो."

"काका, चावी तुमच्याकडेच आहे ना?"

"आहे गं. खिशातच आहे. पण माझ्या एकट्याच्या मर्जीने उघडली तर उद्या दुसरा म्हणेल, माझ्यासाठी का नाही? त्यातून तुमचं घर यादीतलं."

तिने ग्रुपवर लिहिलं. तीन वाजून चार मिनिटं झाली होती. समितीत सेक्रेटरी धरून सात माणसं. लगेच एक अंगठा आला, मग दुसरा. मग प्रश्न यायला लागले.

"ताप आहे का?"

"खोकला? तपासणी केली आहे का, कारण त्यांच्या घरात..."

"लिफ्ट नंतर धुणार कोण? आधी ठरवा."

तेवढ्यात कोणीतरी भलतंच लिहिलं, "भाजीची गाडी आज चारला. कोणाकोणाला हवी?" त्यानंतर तिसरा अंगठा आला, चौथा आला. दुसऱ्या मजल्यावरचे गणिताचे सर दुपारच्या झोपेतून अर्धवट उठले, मोबाइल डोळ्यांजवळ धरला, अंगठा दाबला आणि कूस बदलली.

"पाच झाले!" सून फोनवर ओरडली. "सरांचा आला, काका. उघडा आता."

सेक्रेटरी तोवर तळमजल्यावर कुलपासमोर येऊन उभे होते. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं. "नाही गं. सरांचा अंगठा भाजीच्या मजकुराला आहे. लिफ्टला चारच."

"अहो, ते झोपेत दाबलंय त्यांनी! तुम्ही द्या पाचवा."

"सेक्रेटरीने मत फक्त समसमान झालं तर द्यायचं असतं. ठरावातच आहे तसं. थांब, सरांना फोन लावतो."

सर घोरत होते. फोन वाजून वाजून बंद झाला.

"चल, उतरू आपण," मास्टर म्हणाले. "हळूहळू जाईन मी."

तिने प्लास्टिकची खुर्ची घेतली. चार पायऱ्या उतरायच्या, खुर्ची टेकायची, बसवायचं, श्वास परत आला की पुन्हा चार पायऱ्या. चौथा मजला आला. दाराच्या भिंगातला उजेडाचा ठिपका काळा झाला. आतून कोणीतरी डोळा लावला होता. त्या घरातल्या वहिनींची लग्नापासूनची सगळी पोलकी मास्टरांनी शिवलेली.

"वहिनी, एक हात द्या हो," सून म्हणाली. "बाबांना नाही, नुसता खुर्चीला."

दारामागून आवाज आला, "माझी लेकरं लहान आहेत गं. तूच सांग, मी काय करू?"

"त्यांना त्रास नको देऊस," मास्टर म्हणाले. एवढी धाप लागली असतानाही त्यांना शेजाऱ्यांची पडली होती.

तिसऱ्या मजल्यावर आणखी दोन भिंगं काळी झाली. त्यातलं एक सेक्रेटरींच्या घरचं. दार एकही उघडलं नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मास्टर पायरीवरच बसले. खुर्चीपर्यंत काही पोचले नाहीत. ओठ निळे पडले होते. सुनेने त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि जिन्याच्या पोकळीत तोंड घालून ती ओरडली, "कोणीतरी या रे!"

तीन एकतीसला गणिताचे सर पाणी प्यायला उठले, चुकलेले फोन पाहिले आणि घाईघाईने योग्य ठिकाणी अंगठा दाबला. पाच झाले. सेक्रेटरींनी कुलूप काढलं, लिफ्टच्या आत हात घालून पाचचं बटण दाबलं, हात बाहेर काढला आणि त्याला सॅनिटायझर चोळलं. सून आणि मास्टर जिन्यात आहेत हे त्यांना ऐकू येत होतं. पण मागणी पाचव्या मजल्यावरून होती, आणि मंजुरीही तिथलीच होती.

जिन्याच्या बाजूच्या जाळीतून लिफ्टचा दिवा वर चढताना दिसला. आत कोणी नव्हतं. ती दुसरा मजला ओलांडून वर गेली.

मास्टरांनी मान थोडी उचलली. "आली बघ," ते म्हणाले. "म्हटलं नव्हतं तुला?"

त्यानंतर ते काही बोलले नाहीत. शेवटी ड्रायव्हर परवानगी-बिरवानगी झुगारून धावत वर आला, तोवर सून नुसती त्यांचा हात धरून बसली होती. पाचव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि आपोआप बंद झालं.

संध्याकाळी साडेपाचला सेक्रेटरींनी ग्रुपवर ठराव मांडला: "आपल्या सर्वांचे लाडके मास्टर यांच्या दुःखद निधनाबद्दल संघ तीव्र शोक व्यक्त करीत आहे. त्यांनी शिवलेले मास्क ही त्यांची आठवण आपण सदैव तोंडावर बाळगू." चार मिनिटांत सात अंगठे आले. सेक्रेटरींचाही होता. या वेळी समसमान होण्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

मुलाने बापाचे अंत्यसंस्कार मोबाइलवर पाहिले. सून चौथ्या दिवशी कामावर गेली, कारण नमुने घ्यायला माणसं नव्हती आणि रांगा वाढतच होत्या. जाण्याआधी तिने मशीनवरच्या अर्ध्या मास्कला नाड्या लावल्या. लांब लावल्या.

तेराव्या दिवशी ती तपासणीच्या खिडकीत बसली होती. नख दिसू नये इतकी झाकलेली. पुढचा माणूस आला, आणि त्याच्या आधी तिला त्याच्या तोंडावरचा कपडा ओळखू आला. निळ्या चौकड्यांची ती चादर तिच्या माहेरची होती.

सेक्रेटरी तापाने फणफणले होते. समोर कोण आहे ते त्यांना आवाजावरून कळलं.

"सूनबाई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशीचं... नियम काही माझ्या एकट्याचा नव्हता गं."

"मास्क खाली घ्या. मान मागे."

"मी अंगठा दिला असता, पण..."

"बोलू नका. हललात तर लागेल."

तिच्या मनात काय काय आलं असेल? आलंच असेल, ती काही देव नव्हती. पण काडी एक केसभरही जास्त आत गेली नाही. तिने नमुना नळीत घातला, नाव लिहिलं आणि म्हणाली, "घरी जाऊन पडून राहा. श्वास लागला तर थांबू नका, लगेच या. पुढचे!"

अहवाल दुसऱ्या दिवशी दुपारी आला. संध्याकाळी लिफ्ट बंद झाल्यावर ती घरी पोचली, तर फलकावर यादी नव्याने लागली होती. अक्षर गणिताच्या सरांचं. एक: पाचवा मजला. दोन: तिसरा मजला, डावीकडचं घर. मथळ्यातलं 'घरं' हे अनेकवचन आता मजकुराशी जुळत होतं.

तिने यादी ओढून काढली आणि फाडली. चार तुकडे केले, आठ केले.

"ताई, मला विचारतील हो ते," वॉचमन घाबरून म्हणाला.

"माझं नाव सांग."

मग तिथेच उभं राहून तिने ग्रुपवर लिहिलं: "यादी मी फाडली आहे. पुन्हा लावलीत तर पुन्हा फाडीन. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना कोणत्याही वेळी लिफ्ट लागली तर मला फोन करा. कुलूप तोडायला मास्टरांची लोखंडी इस्त्री आहे. अंगठे लागणार नाहीत."

सगळ्यांनी वाचल्याच्या खुणा उमटल्या. ती जिना चढायला लागली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, त्या पायरीपाशी, थोडी थांबली आणि पुढे निघाली. चौथ्या मजल्यावर दाराच्या भिंगातला उजेड काळा झाला. रोज होत असे, आणि रोज ती खाली मान घालून पुढे जात असे. आज ती दारासमोर उभी राहिली.

"वहिनी, बघताय ते दिसतंय मला," ती म्हणाली. "उघडा. काही मागायला नाही आले. इमारतीत एक माणूस आजारी आहे. त्याच्या दाराशी सकाळ-संध्याकाळ जेवण ठेवायला कोणीतरी लागेल. सकाळचं मी ठेवते, संध्याकाळचं तुम्ही ठेवाल का?"

आत कडीवर हात पडल्याचा आवाज आला. कडी निघाली की तशीच राहिली, ते मी सांगणार नाही. असं भिंग तुमच्याही दाराला आहे, आणि बाहेर ती अजून उभी आहे.